जुनं डावीकडे, नवं उजवीकडे

१

लॅपटॉप बसवायचा तो ट्रे, तो डॉक, घरी आला तो बुधवार होता की गुरुवार, हे डॉक्टरांना आज ठामपणे सांगता येत नाही. बुधवारच असावा, असं त्यांना वाटतं. पण त्या दिवशी कामवाली आली नव्हती आणि तिची सुट्टी गुरुवारी असे, म्हणजे गुरुवार. चाळीस वर्षं लोकांच्या छातीचे फोटो वाचून पोट भरलेल्या माणसाला छातीवर हात ठेवून एक साधा वार सांगता येऊ नये! ज्याला वार आठवत नाही त्याला बाकीचं तरी नीट आठवतंय का, अशी शंका कुणीही घेईल. सगळ्यांच्या आधी ते स्वतःच घेतात.

हॉस्पिटलात त्यांचं नाव 'बहुधा डॉक्टर' असं पडलं होतं. त्यांच्या प्रत्येक रिपोर्टमध्ये हा शब्द असे. बहुधा जुना व्रण. बहुधा न्यूमोनिया. एकदा तर मोडून दोन तुकडे झालेल्या हाडाखाली त्यांनी 'बहुधा फ्रॅक्चर' लिहिलं होतं. तो कागद हाताखालच्या लोकांनी बरेच दिवस जपून ठेवला होता. पण त्यांचं निदान चुकलं, असं चाळीस वर्षांत दोनतीनदाच झालं असेल.

निवृत्तीला सात वर्षं झाली होती, आणि त्या आठवड्यात त्यांच्यासमोर जो फोटो होता तो त्यांच्या बायकोचा होता. खोकला महिनाभर हटेना म्हणून काढलेला. डाव्या फुप्फुसात, वरच्या अंगाला, वाटाण्याएवढा डाग. सीटी स्कॅन केला, तर तोही 'असेल किंवा नसेल' म्हणून मोकळा झाला. छातीचा डॉक्टर त्यांचाच विद्यार्थी. त्याने सरांपासून काही लपवलं नाही.

"सर, सुई घालून तुकडा काढायचा, नाहीतर जुना डाग समजून सोडून द्यायचं. मधला रस्ता नाही. आणि काकूंचं हृदय बघता सुई घालायला माझाच हात धजत नाही. तुमच्याकडे त्यांचा जुना फोटो आहे ना? दोन्ही शेजारी लावून बघा. सोमवारी तुम्ही म्हणाल तसं."

जुना फोटो होता. अकरा वर्षांपूर्वीचा, बायको साठीची असतानाचा. तो डॉक्टरांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये होता आणि तो बघायचा प्रोग्रॅमही त्याच लॅपटॉपवर चालत असे. प्रोग्रॅमची कंपनी कधीच बंद पडली होती. लॅपटॉपचा स्क्रीन वहीच्या पानाएवढा. त्यावर दोन फोटो शेजारी लावले की वाटाण्याची मोहरी होई. बाहेरचा मॉनिटर जोडायचं भोक होतं एकच, तेही ढिलं.

चाळीस वर्षांची सवय अशी: जुना फोटो डावीकडे, नवा उजवीकडे, नजर डावीकडून उजवीकडे. त्यासाठी दोन मोठे मॉनिटर हवेत. सोमवारपर्यंत हवेत.

२

दुकान एका जिन्याखाली होतं. छतापासून वायरी लोंबत होत्या आणि दुकानदार त्यांच्यामागून बोलत होता.

"नवा घ्या ना सर. ह्याच्या वयाचे आता भंगारातसुद्धा कुणी घेत नाही."

"माझ्याही वयाचे," डॉक्टर म्हणाले.

दुकानदार हसला आणि खाली बसून खोक्यात हात घालून चाचपू लागला. निघाला तो काळा, चपटा ट्रे. वर मधोमध एक बारीक दातांचा सांधा, मागे ओळीने भोकं.

"नशीबवान आहात. ह्याच मॉडेलचा डॉक. लॅपटॉप वर ठेवायचा, दाबायचा, खट् वाजलं की बसला. मॉनिटर, कीबोर्ड, प्रिंटर, सगळं मागे जोडून ठेवा. काढताना मात्र हे उजवं बटण दाबायचं, हिरवा दिवा विझेपर्यंत थांबायचं आणि मग उचलायचा. न सांगता उचललात तर तो बावचळतो."

"म्हणजे काय करतो?"

"मॉनिटर अचानक गेले ना, की तिकडे उघड्या असलेल्या सगळ्या विंडो गोळा करतो आणि स्वतःच्या स्क्रीनवर आणून ओततो. एकसुद्धा मागे सोडत नाही. इमानदार असतो बिचारा." त्याने लॅपटॉप उलटा करून बघितला. "तुमची बॅटरी पण संपलीय. डॉकवरून काढलात की पाव मिनिटात बंद पडेल. चार्जरची वायर आता डॉकलाच."

दोन जुने मॉनिटरही त्यानेच दिले. रिक्षातून सगळं घरी आलं. बायको दारातच उभी होती. खोकून झाल्यावर तिने आधी ट्रेकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"लॅपटॉपला सिंहासन आणलंत का हो? घरात मला एक धड खुर्ची नाही."

"तुझ्यासाठीच आणलंय."

"असं का? मग बसून बघते."

डॉक्टरांनी टेबल भिंतीला लावलं, असं की त्याची उजवी बाजूही भिंतीला लागेल. वायरी जोडल्या. लॅपटॉपचं झाकण बंद करून तो ट्रेवर ठेवला, दाबला. खट्. काढायचं बटण अडनिड्या जागी होतं. करंगळीशेजारच्या बोटाने दाबायला सोयीचं, आणि डॉक्टरांचं तेच बोट वाकडं. तीस वर्षांपूर्वी एक्स-रेच्या खोलीचं शिशाचं दार त्यावर मिटलं होतं, ते मधल्या पेरापासून आत वळूनच जुळलं.

"अहो, सरळ बोटाने तूप निघत नाही म्हणतात," बायको म्हणाली. "तुमचं बोट जन्मभर वाकडं, आणि तूप कुठाय?"

३

दोन फोटो पहिल्यांदा शेजारी लागले तेव्हा डॉक्टरांना बरं वाटलं. जुना डावीकडे, नवा उजवीकडे. बायकोच्या बरगड्या त्यांच्या ओळखीच्या होत्या. अकरा वर्षांत हाडं थोडी विरळ झाली होती, हृदय थोडं फुगलं होतं. पण जिथे डाग होता, बरोबर तिथेच जुन्या फोटोत एक बरगडी आडवी जात होती. तिच्याखाली काही आहे की नाही, ते दिसत नव्हतं. त्यांनी उजेड वाढवला, कमी केला. काळ्याचं पांढरं करून पाहिलं. आहे, असं वाटे. पापणी लवली की नाही, असं वाटे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, खिडकीचा पडदा ओढून ते पुन्हा बसले आणि माउसचा बाण हरवला.

बाण उजव्या मॉनिटरच्या उजव्या कडेला अडायला हवा होता. तो अडला नाही, कडेतून पलीकडे गेला. त्यांनी माउस डावीकडे ओढला. बराच ओढल्यावर बाण परत आला. म्हणजे तो पलीकडे बराच आत गेला होता.

वायर सैल असणार. त्यांनी वायरी दाबल्या. बाण पुन्हा गेला.

मग त्यांनी सेटिंग उघडलं. जोडलेले मॉनिटर तिथे चौकोनांनी दाखवतात. चौकोन तीन होते. एका ओळीत, एक, दोन, तीन.

डॉक्टर घाबरले नाहीत. तिसरा म्हणजे लॅपटॉपचा स्वतःचा स्क्रीन, एवढं त्यांना कळत होतं. झाकण बंद असलं तरी यंत्र त्याला मोजत असणार. खात्री करावी म्हणून त्यांनी झाकण उघडलं.

चौकोन चार झाले.

त्यांनी झाकण लावलं. तीन.

दुकानदाराला फोन केला.

"मागे वायरी किती लावल्यात सर?"

"दोन."

"मग मॉनिटर दोन."

"तो तीन दाखवतोय."

"जुनं यंत्र आहे. कधी काळी कुणी तीन लावले असतील, ते डोक्यात राहिलं असेल. म्हाताऱ्या माणसांचं नाही का होत, गेलेल्या माणसाचं पण ताट वाढायला सांगतात." मग त्याला एकदम भान आलं. "सॉरी सर, तुम्हाला नाही म्हणालो."

४

त्या सेटिंगमध्ये 'ओळखा' असं एक बटण असतं. ते दाबलं की प्रत्येक मॉनिटरवर त्याचा आकडा मोठ्ठा, पांढरा, दोनतीन सेकंद उमटतो. कुठला कुठे आहे ते कळावं म्हणून.

डॉक्टरांनी ते दाबलं. डावीकडे १ उमटला, उजवीकडे २. दोन्ही विझले. बस्.

त्यांनी पुन्हा दाबलं आणि या वेळी मॉनिटरकडे न बघता खाली, कीबोर्डवरच्या आपल्या हातांकडे पाहिलं. खोलीत अंधुक होतं. समोरून उजेड पडला, दोन्ही हातांची नखं चमकली. ते ठीकच. पण उजव्या बाहीची बाहेरची बाजू, जी भिंतीकडे होती, तीही पांढरी झाली. कोपरापासून मनगटापर्यंत. भिंत त्या बाहीपासून चार बोटांवर होती.

उजेड विझला. त्यांनी भिंतीवर हात फिरवला. चुना, थोडा पोपडा. भिंतीपलीकडे खोली नव्हती. ती घराची बाहेरची भिंत, तीही तिसऱ्या मजल्याची. तरीही ते उठले आणि खिडकीतून वाकून बघून आले. एक सांडपाण्याचा नळ होता आणि त्यावर एक कबुतर.

"काय शोधताय?" स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.

"काही नाही. कबुतर."

"दोन चष्मे लावून कबुतरं बघा तुम्ही. सोमवारपर्यंत माझं काय ते ठरवा म्हणजे झालं."

ती हसत म्हणाली, पण मागून खोकल्याची उबळ आली आणि बराच वेळ थांबली नाही. डॉक्टर खिडकीशी उभे राहून ती मोजत राहिले. मोजण्याचा उपयोग नव्हता.

उजेड भिंतीवर आपटून परत आला असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. चुना पांढरा असतो. हे कारण त्यांना पटलं. बहुधा पटलं.

५

शनिवारी सकाळी, आणि हा वार मात्र नक्की, ते फोटो जरा सरकवायला गेले आणि माउस जरा जास्तच ढकलला गेला. नवा फोटो, एकाहत्तराव्या वर्षाचा, मॉनिटरच्या उजव्या कडेवरून घसरत गेला. आधी डावं फुप्फुस गेलं, मग पाठीचा कणा, मग उजवं. मॉनिटर रिकामा झाला.

डावीकडे साठ वर्षांची बायको होती. मधे काहीच नव्हतं. आणि फोटो जिथे गेला होता ते या क्रमाने पाहिलं तर पुढचं होतं. जुनं, नवं आणि त्याच्याही उजवीकडे. हा विचार त्यांना आवडला नाही. चाळीस वर्षांच्या सवयीने तो आपोआप आला.

त्यांनी बाण पलीकडे पाठवून फोटो परत ओढायचा प्रयत्न केला. हाताला काही लागेना. आंधळ्याने अडगळीत चाचपावं तसं चाललं होतं. डॉकचा पंखा एकाएकी मोठ्याने फिरू लागला. एकदा बाणाला काहीतरी धरल्यासारखं वाटलं आणि माउस त्यांच्या बोटांखाली जड झाला. माउस असा जड होत नसतो. डॉक्टरांनी हात काढून घेतला. मग ना बटण, ना हिरवा दिवा, दोन्ही हातांनी लॅपटॉप धरून त्यांनी उपटून काढला.

मांडीवर घेऊन झाकण उघडलं. दुकानदार म्हणाला होता तसंच झालं होतं. तिकडचं सगळं गोळा होऊन त्या छोट्या स्क्रीनवर एकावर एक आलं होतं. खाली जुना फोटो, त्यावर नवा. आणि त्या दोघांवर तिसरा.

पाव मिनिट होतं त्यांच्याकडे. फोटो कसा वाचायचा, ते त्यांनी शेकडो मुलांना शिकवलं होतं. आधी नाव, मग वय, मग फुप्फुसं, शेवटी कोपरे, कारण चोर कोपऱ्यात असतो.

नाव बायकोचं. वय ७४.

डावं फुप्फुस. वरचं अंग. डाग. वाटाण्याएवढा. वाढलेला नाही, पसरलेला नाही, कडा जशाच्या तशा.

शेवटी कोपरे. वरच्या डाव्या कोपऱ्यात, म्हणजे तिच्या उजव्या खांद्यावर, पांढऱ्या बारीक काड्या होत्या. बोटं. कुणीतरी तिला मागून धरलं होतं. अशक्त पेशंटला नातेवाईक धरून उभे राहतात, तेव्हा येतात अशी बोटं फोटोत. किती आहेत ते मोजायला ते वाकले आणि लॅपटॉप बंद पडला.

६

पुन्हा चालू केला तेव्हा फोटो दोनच होते. एकाहत्तराव्या वर्षाचा त्यांनी कोपऱ्या-कोपऱ्याने तपासला. त्यावर बोटं नव्हती.

यंत्राच्या बारीक आकड्यांत एकाचा चार दिसू शकतो. थकलेल्या डोळ्यांना काड्याही दिसू शकतात. रविवारभर डॉक्टरांनी दोन्ही बाजूंनी वकिली केली. जेवताना बायकोने वाटी त्यांच्या हातात दिली, तरी ती धरायची हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

"एवढं काय दिसलं त्या फोटोत?" तिने सरळच विचारलं. "मरायची आहे का मी?"

"नाही."

"बहुधा नाही, की नाही?"



सोमवारी ते विद्यार्थ्यासमोर जाऊन बसले.

"जुना डाग आहे. सुई नको."

"नक्की, सर?"

"नक्की."

विद्यार्थ्याने चमकून वर पाहिलं. हा शब्द त्याने सरांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्यामुळेच त्याने तो मानला. जो फोटो अजून कुणी काढलाच नव्हता त्याच्या भरवशावर आपण एका बाईचा जीव टांगला, आणि ती बाई आपली बायको आहे, हे घेऊन डॉक्टर जिना उतरले.

डॉक त्यांनी माळ्यावर टाकला. मॉनिटर शेजाऱ्यांना देऊन टाकले.

खोकला पुढे आपोआप गेला. दर सहा महिन्यांनी फोटो काढायचा, असं विद्यार्थ्याने बजावलं होतं, पण बायको ऐकेना. "तुम्ही नक्की म्हणालात ना? जन्मात एकदा म्हणालात, आता त्याचा मान राखते." डॉक्टरांनीही फार रेटलं नाही. रेटायला त्यांना भीती वाटे.

ती बाहत्तर झाली. त्र्याहत्तर झाली. चौऱ्याहत्तराव्या वाढदिवशी मुलगी परगावाहून आली, घर माणसांनी भरलं, आणि डॉक्टर बायकोच्या उजव्या खांद्याकडे बघत बसले होते. कोण धरणार होतं तिला? मुलगी? नर्स? तेव्हा आपण असू का? फोटोतला डाग तेवढाच होता, म्हणजे ती असणार होती. स्वतःबद्दल त्या फोटोत त्यांनी काहीच वाचलं नव्हतं.

७

वाढदिवसानंतर चार महिन्यांनी तिला ताप भरला. हॉस्पिटल तेच, एक्स-रेचा तंत्रज्ञ तोच. डॉक्टरांच्या हाताखाली केस पिकलेला.

"तिला उभं राहवत नाहीये. मी आत येऊन धरतो," डॉक्टर म्हणाले.

"सर, तुम्हीच शिव्या द्यायचात ना? 'हाडं पेशंटची हवीत, खानदानाची नकोत.' बसा बाहेर. एका मिनिटाचं काम."

बायकोने पर्स, स्वेटर आणि चष्मा त्यांच्या हातात कोंबला. शिशाचं दार लागलं. वर लाल दिवा लागला. डॉक्टर बाकावर बसले. बसले, एवढं त्यांना आठवतं. दिवा बराच वेळ लाल होता, हेही आठवतं. मधल्या काळाचं त्यांना आठवत नाही. अशा वेळी माणूस कशाकडेच बघत नसतो.

दार उघडलं. ती तंत्रज्ञाच्या हाताला धरून बाहेर आली, घामाने डबडबलेली.

"बरं झालं आत आलात," ती त्यांच्या शेजारी टेकत म्हणाली. "नाहीतर कोसळलेच असते. पण केवढा गार हात हो. आणि ते वाकडं बोट, रुतलं की खांद्यात."

डॉक्टरांनी तिचा चष्मा तिला दिला. 

फोटो आतल्या खोलीत मोठ्या मॉनिटरवर लागला होता. नवी मुलगी होती तिथे रिपोर्ट लिहायला. तिने उठून त्यांना खुर्ची दिली. नाव. वय ७४. डाव्या फुप्फुसात खाली थोडा न्यूमोनिया, गोळ्यांनी बरा होणारा, आणि पुढे तो तसा बराही झाला. वरच्या अंगाला डाग. वाटाण्याएवढा. होता तेवढाच. तीन वर्षांत वाढला नाही, म्हणजे जुना व्रण, यात आता कुणालाच शंका घेता आली नसती. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलीने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"सर, एक विचारू? हा हात कुणाचा?"

वरचा डावा कोपरा. चार बोटं, खांद्यावर घट्ट. या वेळी मोजायला भरपूर वेळ होता. करंगळीशेजारचं बोट मधल्या पेरापासून आत वळलेलं होतं.

तंत्रज्ञाला बोलावलं. त्याने फोटो बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. "सर, शप्पथ, एकट्या होत्या. मी काचेआडून बघत होतो. डुलल्या एकदा, मी धावणार तेवढ्यात सावरल्या."

"मी आत आलो होतो का?"

"तुम्ही? दार मी आतून लावलं होतं, सर."

डॉक्टरांचा तंत्रज्ञावर विश्वास होता. स्वतःवर नव्हता. वर जाऊन त्यांनी पहारेकऱ्याला गळ घातली आणि बाहेरच्या बाकासमोरच्या कॅमेऱ्यातलं चित्र काढायला लावलं. फोटोवर वेळ छापलेली होती, अकरा वाजून चौदा मिनिटं. त्या मिनिटाला एक म्हातारा बाकावर बसलेला आहे, दारापासून चार हात लांब. मांडीवर बायकांची पर्स, त्यावर स्वेटर, त्यावर त्याचे दोन्ही हात. डॉक्टरांनी चित्र थांबवायला सांगितलं, चष्मा पुसला आणि बोटं मोजली. दहा होती.